विस्तव न पाहिलेली चांदी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. गंगाधरबुवा, पेटी मिटू नका, नुसता सूर धरून ठेवा, मला मध्ये लागेल. हां! आता मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. लाजू नका. उद्या काला झाला की मी माझ्या वाटेनं जाणार, तुमची चुगली कुणाकडे करणार नाही.

समजा, आत्ता या मंडपात एक साधू आला आणि म्हणाला, "बाबांनो, ही बाटली घ्या. यातला थेंब तांब्यावर टाकला की चांदी, लोखंडावर टाकला की सोनं!" तर तुमच्यातले किती जण माझं कीर्तन ऐकत बसतील? हसताय? हे पहिल्या रांगेतले अण्णा बघा, आत्ताच मांडी मोडून बसले! अण्णा, घरी जाऊन कुदळ आणाल की पहार? काय म्हणता — ट्रॅक्टर? बघा मंडळी, आमची भूक एवढी मोठी आहे! बाटली अजून आली नाही आणि ट्रॅक्टर दारात उभा!

पण माझा प्रश्न तो नाही. माझा प्रश्न असा, की वस्तू पालटली हे ओळखायचं कसं? रंग पालटला म्हणजे वस्तू पालटली का? मी सकाळी गंध लावलं, गळ्यात माळ घातली, पांढरं धोतर नेसलं. माझा रंग पालटला. मी पालटलो का? घरी विचारा. नको, घरी नका विचारू!

तर याच प्रश्नावरचं आख्यान आहे. मला माझ्या गुरूंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. गाव सिंधफणा नदीच्या काठचं. नाव सांगत नाही, तिथले एक जावई समोर बसलेत, उगाच त्यांना सासुरवाडीत उत्तरं द्यावी लागतील.

त्या गावात मनाजी नावाचा तांबट होता. तांब्यापितळेची भांडी ठोकायची, गळक्याला डाग द्यायचा आणि कल्हई करायची हा त्याचा धंदा. आता ही मागची पोरं विचारतील, कल्हई म्हणजे काय? तुमचा दोष नाही बाबांनो, तुम्ही स्टीलच्या ताटात जन्मलात. ऐका. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं, ताक ठेवलं, की ते कळकतं. हिरवं पडतं. खाल्लं की पोटात कालवाकालव, ओकाऱ्या, लेकरू असेल तर जिवाशी गाठ. म्हणून भांड्याला आतून कथलाचा हात द्यायचा. भट्टी पेटवायची, भाता ओढायचा, भांडं चांगलं तापवायचं. मग नवसागराची चिमूट टाकायची — फस्स! पांढरा धूर, नाक झोंबणारा वास! आणि त्या धुरातच कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं सरकन हात मारायचा. एका हातात काळं भांडं आतून चंद्रासारखं पांढरं! आम्ही लहानपणी तासन् तास बघत उभे राहायचो. घरून मार पडायचा, तरी उभे राहायचो.

मनाजीचा हात सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला. आणि त्याच्या घराण्याला एक मान होता. गावाचा सप्ता बसायचा, सातव्या दिवशी काल्याचा प्रसाद म्हणून ताकाची कढी आणि भात. ही कढी देवळाच्या मोठ्या तांब्याच्या तपेल्यात व्हायची. चार गडी लागायचे उचलायला! त्या तपेल्याला कल्हई करायची ती मनाजीच्या घराण्यानंच. सात पिढ्या! कथील गाव द्यायचं, आणि मजुरी म्हणाल तर एक नारळ आणि एक फेटा. पहिली पंगत लेकरांची बसायची. शेजारच्या गावात एकदा बिनकल्हईच्या भांड्यातलं खाऊन दोन लेकरं गेली होती, तेव्हापासून आयाबाया लेकरू पंगतीला बसवण्याआधी एकच विचारायच्या, "तपेलं मनाजीच्या हातचं हाय न्हवं?" हो म्हटलं की निर्धास्त.

आता सांगा, यापेक्षा मोठा मान काय असतो? तुमचं नाव घेतलं की आई लेकराला घास भरवते!

पण माणसाचं मन! मनाजीला त्याचं सुखच नव्हतं. त्याच्या मनात एक सल होता. तो बायकोला म्हणायचा, "दुरपदे, हे काय जिणं हाय? मी कल्हई लावायची, बायांनी घासून घासून घालवायची. लावा, जाते. लावा, जाते. बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. एकदा लावली आन् कायमची राहिली, असं कायतरी पायजे!"

दुरपदा भट्टीतली राख चाळत असायची. ती म्हणायची, "आवं, रोज जेवता तरी रोज भूक लागतीच की. म्हनून काय जेवन खोटं?"

ही राख चाळण्याची गोष्ट लक्षात ठेवा हं, मंडळी. तांबटाच्या घरची एक रीत होती. कल्हई करताना कथलाचे बारीक थेंब उडायचे, राखेत पडून गोठायचे. मोहरीएवढे, बाजरीएवढे. ती राख चाळायची घरच्या बाईनं, आणि जे कण निघतील ते तिचे! नवऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. दुरपदा अकरा वर्षं राख चाळत होती. रोज! चुलीमागं एक गाडगं होतं, त्यात कण टाकायची. तिच्या गळ्यात नुसती काळी पोत होती. गाडगं भरलं की ते विकायचं आणि पोतीत सोन्याचे दोन मणी ओवायचे, एवढीच तिची हौस. गाडगं आता गळ्यापर्यंत आलं होतं.

तर असं चाललेलं असताना, सप्त्याच्या आधी महिनाभर, गावात एक बैरागी आला. रसनाथ नाव सांगायचा. जटा, भस्म, डोळे लाल, आणि झोळीत एक काळी बाटली. धर्मशाळेत उतरला. दुसऱ्या दिवशी फिरत फिरत मनाजीच्या भट्टीपुढं येऊन उभा!

"बच्चा, काय करतोस?"

"कल्हई करतो महाराज."

"म्हणजे तांब्याला फसवतोस."

"ते कसं?"

"वरून चांदी दाखवतोस, आत तांबंच. चार महिन्यांत उघडं पडतं. जन्मभर हाच खोटा धंदा करणार?"

आहाहा! कसं नेमकं दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं! मंडळी, ठकाची विद्या किमयेची नसते, ठकाची विद्या नस ओळखण्याची असते. तुम्हाला येणारे ते फोन — "अभिनंदन! तुम्हाला बक्षीस लागलंय!" — त्याला तुमचं नावसुद्धा ठाऊक नसतं, पण तुमची नस ठाऊक असते. आणि आमचे शहाणेसुरते लोक ओटीपी सांगून मोकळे!

मनाजी म्हणाला, "मग खरं कसं करायचं महाराज?"

रसनाथानं बाटली काढली. "हा सिद्धरस. यात पारा आहे, पण कच्चा नव्हे. मारलेला पारा! बारा वर्षं वनस्पतींच्या रसात घोटून मी तो मारलाय. ऐकून ठेव. कच्चा पारा विस्तव बघितला की पळतो, आणि पळताना माणसाचा जीव घेतो. मेलेला पारा विस्तवाला भीत नाही. तो धातूच्या पोटात शिरतो आणि धातू पालटतो."

"दाखवता?"

दुरपदेच्या माहेरचा तांब्या तिथं पडला होता. लग्नात आईनं दिलेला. बैराग्यानं फडक्यावर दोन थेंब घेतले, तांब्यावर चोळले — आणि काय सांगू! लाल तांब्या पांढराशुभ्र! आरशासारखा! मनाजीनं त्यात आपलं तोंड बघितलं आणि त्याला स्वतःची ओळख पटेना!

तो गेला, मंडळी. त्या क्षणी मनाजी गेला. भट्टी विझली. भाता पडला. सकाळ-संध्याकाळ धर्मशाळेत बैराग्याच्या पायाशी. गावातल्या बाया भांडी घेऊन यायच्या, "मनाजीभाऊ, ताक कळकायला लागलंय वो, तेवढा हात मारून द्या." हा म्हणायचा, "ठिवा तिथं." ओट्यावर काळ्या भांड्यांची उतरंड लागली. शेवटी बाया आपापली भांडी परत घेऊन गेल्या. दुरपदा दारात उभी राहून बघत होती. तिला लाज वाटली. नवऱ्याचं काम बायको करू शकत नाही, पण नवऱ्याची लाज तिला घ्यावी लागते.

मग बैराग्यानं खरा डाव टाकला. "बच्चा, एवढ्या थेंबानं काय होणार? रस वाढवावा लागेल. कथील लागेल. कथील म्हणजे चांदीची धाकटी बहीण."

गावाचं कथील आलेलंच होतं, व्यंकटराव पाटलांनी स्वतः पोचवलं होतं — तपेल्यासाठी. मनाजीनं ते उचललं आणि बैराग्याच्या ओंजळीत घातलं! देवाच्या कामाचं कथील! पण त्याच्या मनात पाप नव्हतं हं. तो म्हणत होता, एकवीस दिवसांत याची चांदी होईल, गावाला दुपटीनं देईन. चोरी करणारा प्रत्येक जण आधी असंच म्हणतो.

बैराग्यानं धातू वितळवायची मातीची मूस घेतली, पाठ करून तीत काही भरलं, तोंड लिंपलं आणि मनाजीच्या परसात पुरली. म्हणाला, "मी डोंगरातून एक मुळी घेऊन येतो. एकवीस दिवस उकरू नकोस. उकरलीस तर आत माती होईल." खरं बोलला बरं का! माती होईल कसली, मातीच भरली होती! कथील झोळीत घालून महाराज जे गेले ते गेले. जाताना बाटली मात्र ठेवून गेला. बाटली भरलेली होती, म्हणूनच मनाजीला शंका आली नाही.

आला की सप्ता! सहावा दिवस उजाडला. चार गडी तपेलं घेऊन मनाजीच्या दारात. "मनाजीभाऊ, सांजच्याला न्यायला येतो." ठेवून गेले.

आता करतो काय? कथील नाही. बैरागी नाही. मुशीचे एकवीस दिवस अजून भरले नाहीत. दुरपदेचं गाडगं आहे, पण ते मागायचं कुठल्या तोंडानं? आणि मागायचं तरी का? बाटली आहे की! मनाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "कल्हईच कशाला? देवाचं तपेलंच चांदीचं करतो! सात पिढ्यांनी केलं नाही ते मी करतो!"

दार लावून घेतलं. फडकं घेतलं. चोळायला लागला. तपेलं आतून पांढरं, पांढरं, पांढरं होत गेलं! कल्हईपेक्षा लखलखीत! मनाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. खोटं पाणी नव्हतं ते. माणूस फसतो तेव्हा त्याचा आनंद अगदी खरा असतो.

पण, मंडळी, एक गोष्ट सांगतो. त्याच्या हाताला काहीतरी कळलं होतं. वीस वर्षं भट्टीपुढं बसलेला हात तो. चटका नाही, धूर नाही, नवसागराचा वास नाही, आणि चकाकी? हात म्हणत होता, हे बरं नाही. मन म्हणत होतं, गप. हातानं दोनदा विचारलं, मनानं दोनदा गप केलं. तुमच्या-माझ्या घरात हेच चालतं.

दुरपदा दाराबाहेरून म्हणाली, "आज नवसागराचा वास न्हाई आला."

"आता वासाचं काम न्हाई."

"इस्तवाबिगर कल्हई?"

"कल्हई न्हवं दुरपदे, चांदी हाय चांदी! सिद्धरस हाय त्यो! तुला न्हाई कळायचं."

सातवा दिवस! गंगाधरबुवा, सूर चढवा जरा! देवळापुढं मांडव. गाव लोटलेलं. चुलीचे तीन मोठे धोंडे मांडले, त्यावर तपेलं चढवलं. सगळे वाकवाकून आत बघतायत. "काय हात मारलाय मनाजीनं! डोळं दिपत्यात!" मनाजी उभा, छाती पुढं. आज नारळ मिळणार, फेटा मिळणार. घरोघरचं ताक आलं, बेसन कालवलं, हळद पडली. पांढरंपिवळं ताक तपेल्यात काठापर्यंत भरलं. चुलीत लाकडं रचली. लेकरं आधीच पत्रावळी घेऊन बसली! लेकरांना कुठं धीर असतो?

इकडं घरी दुरपदा काय करत होती? मानाला जायचं म्हणून नवऱ्याचा ठेवणीतला फेटा तिनं काढला. त्याला घड्या पडलेल्या. तेव्हा कुठली इस्त्री! तांब्यात निखारे भरायचे, आणि तो तांब्या कपड्यावर फिरवायचा. घरात तांब्या एकच — माहेरचा, चांदी झालेला. तिनं अंगणात बसून त्यात निखारे भरले. तांब्या तापला. फेट्यावर टेकवणार, तोच बघते तर —

चांदी जातेय!

बुडाशी लाल डाग उमटला. डाग पसरायला लागला. पदर नाकाला लावून ती बघत राहिली. धूर नाही, आवाज नाही, आणि पांढरा रंग तिच्या डोळ्यांदेखत उडून गेला. राहिला आईचा तांब्या. लालच्या लाल, जन्मला तसा!

तिला शिकवलं नव्हतं कुणी रसशास्त्र. पण बैरागी भट्टीपुढं बोलत होता तेव्हा ती दाराआड उभी राहून ऐकत होती ना! कच्चा पारा विस्तव बघितला की पळतो, आणि पळताना माणसाचा जीव घेतो. बैराग्याचेच शब्द!

तिनं तो तापलेला तांब्या फेट्यात गुंडाळला आणि धावत सुटली. ठेवणीतला फेटा जळतोय, हात भाजतोय, डोक्यावरचा पदर पडलाय, आणि तांबटाच्या घरची सून भर बाजारातून धावतेय! लोक म्हणतात, हिला वारं आलं की काय!

देवळापुढं पोचली तेव्हा व्यंकटराव पाटलांच्या हातात पेटता पलिता होता. गजर झाला की चूल पेटवायची. गजर सुरू झाला होता!

ती ओरडली नाही. एवढ्या गर्दीत नवऱ्याची अब्रू तिनं ओरडून घालवली नाही. ती सरळ मनाजीपाशी गेली, जळका फेटा उलगडला आणि तांब्या त्याच्या डोळ्यांपुढं धरला. हळू आवाजात म्हणाली, "इस्तू बघून पळाली तुमची चांदी."

थांबवा गजर. गंगाधरबुवा, थांबवा.

मंडळी, आता हा मनाजी बघा. समोर तांब्या लाल. मागं तपेलं पांढरं. पाटलांचा पलिता चुलीकडं निघालाय. आणि हे फक्त दोघांना ठाऊक आहे! नवरा आणि बायको. तो गप्प राहिला तर? नारळ मिळेल, सात पिढ्यांचा मान राहील. मन लगेच बोलायला लागलं. मन फार हुशार! मन म्हणालं, "तांब्याचं तसं झालं असंल, तपेल्याचं न्हाई होणार. तांब्याला रस कमी पडला असंल. कढी काय, अर्ध्या घटकेत उतरंल. कुनाला काय होतंय?"

बोला, तुम्ही काय केलं असतं? खरं बोला. आपल्याच चुकीवर पांघरूण घालायला मन किती गोधड्या काढून आणतं! मला माहीत आहे, कारण मी स्वतः घातल्यात. देवाच्या दारात खोटं कशाला बोलू?

मनाजीनं लेकरांच्या पंगतीकडं बघितलं. एक पोरगी रिकामी पत्रावळ चाटून बघत होती, कढी आली का म्हणून.

बस्स!

लाकडं सारायची पहार चुलीशी पडली होती. मनाजीनं ती उचलली, पुढच्या धोंड्याखाली घातली, आणि सगळा जीव एकवटून दाबली! धोंडा उलटला, तपेलं कललं — आणि घरोघरचं ताक, देवाच्या प्रसादाची कढी, भस्सकन मातीत!

हाहाकार! पांढरा लोट मांडवभर! लोक उठले. "अरं मनाजी पिला का काय?" "प्रसाद सांडला!" एकानं गचांडी धरली, दुसऱ्यानं कानाखाली ठेवून दिली. मनाजी हात जोडून उभा. मार खातोय आणि एकच सांगतोय, "माती लोटा आधी! कुत्रं तोंड लावंल! माती लोटा!"

व्यंकटराव पाटील म्हातारे माणूस, हात वर केला. मारणारे मागं सरले. "मनाजी, काय केलंस हे?"

आणि मनाजीनं सांगितलं. सगळं! कथील कुणाला दिलं, बाटली कुणाची, दार लावून काय चोळलं. एक अक्षर वगळलं नाही. बैराग्यावरसुद्धा ढकललं नाही. म्हणाला, "त्यानं मला फशिवलं एकदा. म्या तुमाला फशिवनार हुतो, लेकरांच्या पंगतीत. माझ्या हाताला कळलं हुतं मालक. म्या हाताचं ऐकलं न्हाई."

पाटील म्हणाले, "मान तुझा गेला, मनाजी. ते तपेलं गावाबाहेर खोल पुरा, पुन्हा त्यात अन्न नको. पण आता दुपार झाली. लेकरं उपाशी. काला कशात शिजवायचा? घरोघरची भांडी आनावी तर महिनाभर कुनाच्याच भांड्याला कल्हई न्हाई. आन् कथील कुठं हाय?"

आणि दुरपदा? ती कुठं गेली?

ती घरी गेली होती! चुलीमागचं गाडगं घेऊन ती परत येत होती. भाजलेल्या हातांनी कवेत धरलेलं. गर्दीनं वाट दिली. तिनं ते गाडगं नवऱ्यापुढं पालथं केलं. अकरा वर्षांची राख चाळून वेचलेले कण, मोहरीएवढे, बाजरीएवढे! उन्हात असे चमकले, की लोकांना वाटलं चांदीच सांडली!

मनाजी म्हणाला, "दुरपदे, ह्ये तुझं मणी हायती."

ती म्हणाली, "मण्यानं लेकरांचं पोट भरतं का? भाता आना."

भाता आला! भट्टी देवळापुढंच पेटली! बाया धावत घरी गेल्या आणि भांडी घेऊन आल्या. कुणाचं पातेलं, कुणाची डेचकी, कुणाचा हंडा! चिंचेनं घासून देतायत, मनाजी तापवतोय, दुरपदा भाता ओढतेय, नवसागर पडतोय — फस्स! फस्स! तो धूर, तो झोंबणारा वास! लोकांच्या डोळ्यांतून पाणी येतंय. नवसागरानं म्हणा, नाहीतर कशानं म्हणा! साठ-सत्तर भांडी झाली, मंडळी! एका दिवसात! ताक नव्यानं गोळा झालं. देवळापुढं सत्तर चुली मांडल्या आणि सत्तर भांड्यांत कढी शिजली. उन्हं कलता कलता लेकरांची पंगत बसली. आणि पहिला घास घेण्याआधी एक आई सवयीनं बोलून गेली, "भांडं मनाजीच्या हातचं हाय न्हवं?"

मनाजीनं तोंड झाकून घेतलं आणि तो ढसाढसा रडला. ही त्याची किमया! सात पिढ्या त्याच्या घरात होती आणि तो ती बाटलीत शोधत होता. विषारी भांड्याचं आईच्या विश्वासाचं भांडं करणं — याहून मोठी किमया कुठल्या सिद्धानं केली, सांगा मला!

मानाचा नारळ पाटलांनी दुरपदेच्या ओटीत घातला. फेटा काही मिळाला नाही, आणि घरचा जळला होता. मनाजी पुढं उघड्या डोक्यानंच कल्हई करत राहिला.

आता मागच्या बायका एकमेकींना विचारतायत, मला दिसतंय. "बुवा, मण्यांचं काय झालं?" सांगतो. त्या दिवशी भट्टी विझल्यावर राख चाळायला मनाजी बसला. स्वतः! त्या दिवसापासून मरेपर्यंत राख तोच चाळायचा आणि कण तिच्या गाडग्यात टाकायचा. पहिल्या दिवशीच्या कणांचे त्यानं दोन मणी ओतले, कथलाचे, आणि दुरपदेनं ते पोतीत ओवले. पुढं गाडगं पुन्हा भरलं, सोनं घेता आलं असतं. तिनं घेतलं नाही. म्हणायची, "ह्येच बरं. चोराचं भ्या न्हाई!"

तर आता उत्तर द्या माझ्या प्रश्नाचं. वस्तू पालटली हे ओळखायचं कसं? रंग बघून? तसं असतं तर बैराग्यानं चोळलेला तांब्याही चांदीचाच होता. विस्तवावर ठेवा, मग कळेल! जी चकाकी विस्तवातून आली ती विस्तवाला भीत नाही, आणि जी फडक्यानं चोळून आली ती पळून जाते. आणि विस्तवातून आलेलीसुद्धा एकदा लावून भागत नाही बरं! कल्हई जाते. ती पुन्हा लावायची असते. म्हणून दरसाल सप्ता, म्हणून रोज नाम. दुरपदा म्हणाली ना, रोज जेवलं तरी रोज भूक लागते.

सात दिवस तुम्ही इथं बसलात. कपाळाला बुक्का आहे, गळ्यात माळ आहे, चेहरे कसे लखलखतायत! मी इथून बघतोय, एकसुद्धा काळं भांडं दिसत नाही. पण ही कल्हई आहे की पारा, ते मी सांगू शकत नाही. मी काय, मी उद्या जाणार.

आरती झाली की घरी जा. ताटावर बसा. बायकोसुद्धा सात दिवस इथंच होती, दमून आली आहे, तेव्हा आज आमटीत मीठ विसरलेलं असणार. पहिला घास घ्याल, आणि तोंड उघडाल.

तो विस्तव!

त्या वेळी जिभेवर काय उरतं तेवढं बघा, आणि उद्या काल्याला येताना मला सांगा.